वावरातला गोटा आणि वहीतली नोंद: विदर्भातले दगड, खनिजं, जीवाश्म आणि ते जमवणारे पहिले अभ्यासक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहीर खणताना, नांगरटीच्या वेळी, रस्त्यासाठी खदान फोडताना काहीतरी वेगळं निघतं आणि कोणीतरी ते पिशवीत घालून घेऊन येतं. मग प्रश्न सुरू होतात. हे काय आहे, किती जुनं आहे, किती किमतीचं आहे, आणि आपल्या आधी कोणाला असं सापडलं होतं का? त्यातले नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. दगड कुठून आला हे माहीत नसेल, तर तो कितीही सुंदर असला तरी अभ्यासाच्या दृष्टीने निम्मा हरवलेलाच असतो.

विदर्भातल्या दगडांची लेखी नोंद सगळ्यात आधी कोणी केली?

दगडांची पारख इथे लिहिण्याच्या फार आधीपासून आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीला अकीक आणि गारगोटीच्या जातीचे दगड निवडून, घासून, भोकं पाडून मणी करत असत. कोणत्या दगडाला चकाकी येईल आणि कोणता टवका उडून फुटेल, हे त्या कारागिरांच्या बोटांना माहीत होतं. लेखी उल्लेखांमध्ये अकबराच्या काळातला ‘आईन-ए-अकबरी’ महत्त्वाचा आहे. त्यात गडचिरोलीकडच्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे, आणि लोणारला काच व साबण करायला लागणारा माल मिळतो, असंही म्हटलं आहे.

जीवाश्म म्हणून, म्हणजे ‘हा एकेकाळी जिवंत प्राणी होता’ अशा समजुतीने केलेली जुनी नोंद १८२३ची आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्बटन हे हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्या पथकातले डॉक्टर हेन्री वॉयसी हे वैद्यकीबरोबर खडकांचाही अभ्यास करत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांना गाविलगडच्या डोंगरांत दगड झालेले शिंपले सापडले आणि त्यांनी त्यावर टिपण लिहिलं. पुढच्याच वर्षी त्यांचाही मृत्यू झाला. टिपण छापून आलं ते १८३३मध्ये. त्यानंतर जॉन माल्कमसन या मद्रासच्या लष्करी डॉक्टरांनी काळ्या दगडाच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या बेसाल्टच्या, प्रदेशाच्या पूर्व कडेवरचे जीवाश्म गोळा केले. त्यांचा निबंध १८४०मध्ये लंडनला छापला गेला.

डॉक्टर, सर्वेक्षक, पाद्री – पहिली सगळी माणसं अशीच होती. भूविज्ञानाचा पगार मिळणारं कोणी नव्हतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झालं ते १८५१ला.

हिस्लॉप हे नाव नागपूरला कॉलेजमुळे माहीत आहे. त्यांचा दगडांशी काय संबंध?

कॉलेज त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ला निघालं. स्टीफन हिस्लॉप मूळचे स्कॉटलंडचे. जन्म १८१७चा. मिशनरी म्हणून ते १८४५ला नागपुरात आले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. ते मराठी शिकले, शाळा चालवली, आणि हिवाळ्यात गावोगाव फिरायला लागले. धर्मप्रसार हे त्यांचं काम होतं. त्याबद्दल आपलं मत काहीही असो, त्या फिरण्यात त्यांनी जे पाहिलं आणि लिहून ठेवलं, त्याला दुसरा जोड नाही.

१८५१मध्ये ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर नागपूरच्या पश्चिमेला टाकळीच्या बाजूला होते. तिथल्या दगडात त्यांना गोड्या पाण्यातली गोगलगाय दिसली. तिथून दोघांना जे वेड लागलं ते सुटलं नाही. त्यांनी नागपूरच्या आसपासचे नाले, खदानी आणि टेकड्या पालथ्या घातल्या. दोघांचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात १८५५ला छापून आला. मधल्या काळात तिसरे रघुजी भोसले वारले होते आणि राज्य इंग्रजांनी खालसा केलं होतं. इतक्या उलथापालथीतही ही माणसं थर मोजत होती आणि दगडांना चिठ्ठ्या लावत होती.

हिस्लॉप फक्त दगडांपुरते नव्हते. त्यांनी गोंड समाजाची भाषा, चालीरीती आणि लिंगो या त्यांच्या परंपरेतल्या आदिपुरुषाची गाथाही ऐकून लिहून घेतली. ते कागद त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ला छापले. ऐकलेलं आणि पाहिलेलं त्याच दिवशी कागदावर उतरवायचं ही सवय दोन्हीकडे एकच होती.

टाकळीत नेमकं काय काय सापडलं?

या प्रश्नाचं उत्तर देताना मला दर वेळी नव्याने नवल वाटतं. आज नागपूर शहरात विरून गेलेल्या या जागी लाव्हाच्या दोन थरांमध्ये तलावाच्या गाळाचा एक थर होता. त्यात गोगलगायी होत्या, शिंपले होते, मोहरीहून लहान कवचांचे पाण्यातले जीव होते. फळं, बिया, पानं, खोडं होती. एवढंच नाही, तर भुंगेऱ्यांचे कठीण पंखसुद्धा त्या दगडात टिकले होते.

हिस्लॉपनी हे सगळं एकट्याने ओळखण्याचा हट्ट धरला नाही. मला त्यांचा हा गुण सगळ्यात मोठा वाटतो. भुंगेरे त्यांनी अँड्र्यू मरे यांच्याकडे दिले. मरे यांनी १८६०ला त्यांचं वर्णन छापलं आणि एका भुंगेऱ्याला हिस्लॉप यांचं नाव दिलं. सूक्ष्म कवचं रूपर्ट जोन्स यांच्याकडे गेली. कामठी आणि सिलेवाडा भागातल्या वालुकाश्मातली पानं चार्ल्स बनबरी यांच्याकडे गेली आणि त्यांनी १८६१ला त्यांवर लिहिलं. हिस्लॉप यांनी स्वतः शिंपले-गोगलगायींवर १८६०मध्ये मोठा निबंध लिहिला. ज्याला जे कळतं त्याच्या हाती ते सोपवायचं आणि सोबत जागेची पक्की माहिती द्यायची, अशी त्यांची पद्धत होती.

या काळात टपाल आणि सामान कसं जात असेल याचाही विचार करा. नागपूरला रेल्वे आली १८६७ला. सुएझ कालवा १८६९ला उघडला. म्हणजे या नाजूक बिया आणि भुंगेरे बैलगाडीने घाट उतरून किनाऱ्याला पोचले आणि तिथून जहाजाने गेले.

काळा दगड तर लाव्हाचा. मग त्यात गोगलगाय कशी? ती जळून जायला हवी ना?

लाव्हारसात असती तर काहीच उरलं नसतं. ती लाव्हात नाहीच, गाळात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा एकदाच नाही, पुन्हा पुन्हा पसरला. दोन उद्रेकांच्या मधे मोठी शांतता असे. त्या काळात खोलगट जागी पाणी साचे, कडेला झाडं वाढत, पाण्यात गोगलगायी येत. त्या मरून चिखलात बसत. पाण्यातली सिलिका मुरून तो चिखल गारगोटीसारखा घट्ट होई. मग वरून नवा लाव्हा येऊन झाकण घाली. वरचा थोडा भाग भाजला जाई, आतलं शाबूत राही.

म्हणून बुलढाण्यापासून नागपूरपर्यंत कुठेही काळ्या दगडाच्या मधे पांढरट, लालसर किंवा हिरवट, ठिसूळ किंवा चकमकीसारखा पट्टा दिसला, तर तिथे थांबून पाहा. मुरूम समजून लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावचे आणि पलीकडे छिंदवाड्याच्या मोहगाव कलानचे अश्मीभूत वृक्ष याच जातीच्या थरांतले आहेत. मोहगावच्या वनस्पतींचा अभ्यास पुढे बिरबल साहनी यांनी केला आणि ते गाव जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना माहीत झालं.

यातली ‘फायसा प्रिन्सेपाई’ ही मोठी, फुगीर गोगलगाय फार उपयोगी पडली. ती इतक्या ठिकाणी सापडते, की तिच्यावरून लांबलांबचे थर एकाच काळाचे आहेत, हे जुळवता आलं.

मांगलीची कवटी म्हणजे काय?

नागपूरच्या दक्षिणेला वर्धा खोऱ्यातल्या मांगली गावच्या वालुकाश्मात एका प्राण्याची चपटी, रुंद कवटी मिळाली. हिस्लॉप-हंटर यांच्यामार्फत ती लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. डायनासोर हा शब्द ज्यांनी घडवला तेच हे ओवेन. तो डायनासोर नव्हता. बेडकांच्या फार दूरच्या पूर्वजांसारखा, पाण्यात पडून राहणारा उभयचर होता. ओवेन यांनी त्याला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असं नाव दिलं. जगातल्या एका अख्ख्या उभयचर कुळाला पुढे या कवटीवरून नाव मिळालं. चार घरांच्या गावाचं नाव शास्त्रात असं कायमचं बसलं, कारण चिठ्ठीवर ते गाव लिहिलेलं होतं.

हे सगळं लंडनलाच का गेलं? परत आणता येईल का?

तेव्हा तुलनेसाठी लागणारे संग्रह आणि ग्रंथ तिथे होते आणि सत्ताही त्यांची होती. ब्रॅकिऑप्सची कवटी आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. इथल्या मुलाला आपल्याच जिल्ह्यातला मूळ नमुना पाहायला परदेशी जावं लागतं. याचं दुःख मला आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. पण त्यातून एक काम नक्की करता येतं. आता जे सापडेल ते इथेच नीट नोंदवून, इथल्या संस्थेत ठेवायचं. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, हेही हिस्लॉपच्याच काळातलं आहे.

दगड फोडणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांची नावं कुठे आहेत?

बहुतेक कुठेच नाहीत. टेकडी कोणती, नाला कोणता, पावसाने थर कुठे उघडा पडतो, हे गुराख्याला आणि खदानीत घण मारणाऱ्याला जितकं माहीत, तितकं घोड्यावरून आलेल्या पाहुण्याला कसं असणार? निबंधांत मात्र गोळा करणाऱ्याचं आणि ओळखणाऱ्याचं नाव येतं.

एक अपवाद मला फार आवडतो. मलेरी या ठिकाणाहून, म्हणजे आजच्या तेलंगणातून, माशांचे अश्मीभूत दात मिळाले. टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९मध्ये त्यांच्या तीन जाती ठरवल्या. एक हिस्लॉप यांच्या नावाची, दुसरी हंटर यांच्या नावाची, आणि तिसरीचं नाव ‘सेरॅटोडस विरापा’. दोन साहेबांच्या शेजारी बसलेलं हे नाव इकडच्या मातीतलं आहे.

आज आपण नोंद करताना ही उणीव सहज भरून काढू शकतो. ज्या ताईंना निंदताना दगड दिसला, ज्या दादांनी ट्रॅक्टर थांबवला, त्यांचं नाव त्यांना विचारून चिठ्ठीवर पहिल्या ओळीत लिहा.

पण त्या लोकांचे निष्कर्ष आज टिकतात का?

सगळे टिकत नाहीत. टाकळीचा गाळ हिस्लॉप यांना डायनासोरनंतरच्या तृतीयक काळातला वाटला. त्यांच्या १८६०च्या निबंधाच्या मथळ्यातच तसं आहे. आज तो क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अगदी शेवटाशी नेला जातो. कामठीच्या वालुकाश्मातली ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं त्यांना ज्युरासिक काळाजवळची वाटली. ती निघाली त्याहून कितीतरी जुनी, पर्मियन काळातली, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीची.

तरीही त्यांचं काम फेकून द्यावं लागलं नाही. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी नागपूरच्या भूरचनेवरचा आपला ग्रंथ १८७२ला काढला. थिओडोर ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर १८७७ला लिहिलं. दोघांना जुन्या नोंदींवरून त्याच नाल्यात, त्याच थरापाशी जाता आलं आणि तिथे उभं राहून आधीच्या माणसाचं म्हणणं तपासता आलं. खाली काय, वर काय, मधल्या पट्ट्याची जाडी किती, गाव कोणतं – हे ज्याने लिहिलं, त्याचा अंदाज चुकला तरी पुढच्याला रस्ता मिळतो. ज्याने फक्त अंदाज लिहिला, त्याचं सगळंच बुडतं.

वावरात नांगरताना गोल गोटा निघाला. डायनासोरचं अंडं असेल का?

बहुतेक नाही. आपला काळा दगड हवा-पाण्याने झिजताना कांद्याच्या पाकळ्यांसारखा सुटत जातो आणि मधे गोल गाभा उरतो. विदर्भाच्या पश्चिम भागात, बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळकडे निघणारे गोल गोटे जवळजवळ सगळे असेच असतात. काही गोटे आतून पोकळ असतात आणि फोडले की स्फटिक चमकतात. तेही अंडं नाही, लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यात नंतर वाढलेलं खनिज आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात मात्र प्रश्न गंभीरपणे घ्यावा लागतो. तिथे काळ्या दगडाच्या खाली लमेटा नावाचे थर उघडे पडतात आणि त्यांत डायनासोरच्या अंड्यांची नोंद झालेली आहे. अंडं असेल तर बाहेर पातळ कवच दिसतं, जाडी सगळीकडे जवळपास सारखी असते, आणि भिंगाखाली कवचावर बारीक पुटकुळ्या दिसतात. एकाजवळ एक असे अनेक गोल दिसले तर हात लावू नका. घरट्याची मांडणी मोडली की ती पुन्हा जुळत नाही.

चंद्रपूरकडे डायनासोरची लेंडी सापडते म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. वरोरा भागातल्या पिसदुराला अश्मीभूत विष्ठा शेतात विखुरलेली मिळते. इथली हाडंही हिस्लॉपच्या काळापासून गोळा होत आली आहेत. रिचर्ड लायडेकर यांनी १८७९ला पिसदुराच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी’ ही जात ठरवली. विष्ठेवर मॅटली यांनी १९३९ला लिहिलं.

मग २००५ला त्याच विष्ठेतून मोठी गोष्ट बाहेर आली. तिच्यात गवताच्या पेशींतले सूक्ष्म सिलिकाकण मिळाले. डायनासोरच्या काळी गवत होतं आणि ते खाल्लं जात होतं, याचा तो पुरावा होता. तोवर गवत डायनासोरनंतर आलं असं मानत असत. शेणाच्या गोळीसारखा दिसणारा तो खडा कोणी टाकून दिला असता तर हे कधीच कळलं नसतं.

जवळच्या डोंगरगावच्या सांगाड्याचं वर्णन १९९७ला छापलं गेलं. तो लांब मानेचा शाकाहारी डायनासोर आज ‘इसिसॉरस’ म्हणून ओळखला जातो. खाली गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिकडच्या बाजूला गेलात तर चुकवू नका.

देव्हाऱ्यातला शाळिग्राम आपल्याकडच्या नदीतला असेल का?

नाही. शाळिग्राम नेपाळातल्या गंडकी नदीतून येतात. आतली चक्राकार खूण अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाची असते. पूजेत असलेला शाळिग्राम तपासण्यासाठी घासू किंवा फोडू नये. घरच्यांच्या श्रद्धेचा मान राखूनही हे समजून घेता येतं.

हिरवा चमकदार दगड मिळाला. पाचू आहे का?

पाचू नाही, एवढं विदर्भातल्या काळ्या दगडाच्या प्रदेशात बिनधास्त सांगता येतं. काळ्या दगडाच्या पोकळ्यांना हिरवट मातीसारख्या खनिजाचं अस्तर असतं. ते गारगोटीत किंवा कॅल्साइटमध्ये मिसळलं की दगड हिरवा दिसतो. टाकळीच्या अशाच हिरव्या कॅल्साइटला सॅम्युएल हॉटन यांनी १८५९ला ‘हिस्लॉपाइट’ म्हटलं आणि नागपूरकडच्या एका मातकट खनिजाला ‘हंटराइट’. आज ही दोन्ही स्वतंत्र खनिजं मानली जात नाहीत.

घरी ओळखायचं असेल तर आधी बाटलीच्या काचेवर घासून पाहा. काचेवर ओरखडा उठला तर गारगोटीची जात. नाही उठला, तर लिंबाच्या रसाचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. रसाची खूण राहते, म्हणून ही चाचणी दगडाच्या मागच्या कोपऱ्यावरच करावी.

लोणारचा दगड आकाशातून पडलेला आहे का?

विवर अशनीच्या आघाताने झालं. काठाचा दगड मात्र इथलाच, काळा बेसाल्ट आहे. अशनी त्या आघातात जवळपास नाहीसा झाला. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३मध्ये या तळ्याची नोंद केली. त्यानंतर फार काळ विद्वान त्याला ज्वालामुखीचं मुख समजत राहिले. १९७३ला छापलेल्या अभ्यासात प्रचंड आघातानेच तयार होणारी काच इथल्या दगडांत दाखवली गेली आणि वाद मिटला. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे.

याआधी कितीतरी पिढ्या तिथले लोक तळ्यातल्या क्षारांची प्रतवारी करत होते. डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी असे वेगवेगळे प्रकार त्यांनी पाडले होते. खनिजांचं वर्गीकरण याहून वेगळं काय असतं? तिथून काचेचे खडे उचलून आणण्याचा मोह कृपा करून आवरा. ते ठिकाण संरक्षित आहे.

काळा, फार जड दगड आहे. उल्का असेल?

नागपूर-भंडारा पट्ट्यात असाल तर आधी मँगनीज आठवा. मनसर, कांद्री, चिकला, डोंगरी बुजुर्ग या खाणींचा माल असाच काळा आणि वजनदार असतो. फरशीच्या मागच्या खडबडीत बाजूवर घासून काळी रेघ उठली तर तोच. लुईस फर्मर यांनी १९०९ला भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि या पट्ट्यातल्या गार्नेट-गारगोटीच्या खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं.

खरी उल्काही आपल्याकडे पडलेली आहे. २२ मे २०१२ला दुपारी काटोल भागात मोठा आवाज होऊन दगड कोसळले. अशा दगडावर पातळ काळं, भाजल्यासारखं कवच असतं, आत रंग फिका असतो आणि लोहचुंबक ओढलं जातं. पडताना पाहिलं असेल तर वेळ आणि दिशा लगेच लिहा, दगड कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवा, धुऊ नका, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.

नोंद कशी करायची? आम्ही काही शिकलेले भूवैज्ञानिक नाही.

हिस्लॉपही नव्हते. आणि जागा टिपून ठेवण्याची परंपरा आपल्याला बाहेरून शिकायचीही गरज नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामी कोणत्या गावी, कोणत्या दिशेला, कोणत्या देवळाच्या कडेला थांबले, हे इतक्या नेमकेपणाने दिलं आहे, की शेकडो वर्षांनंतरही अभ्यासक त्यावरून जुन्या जागा शोधतात. ऋद्धपूरच्या मुलखातल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. तोच नेमकेपणा दगडाला द्यायचा.

दगड उचलण्याआधी आहे त्या जागीच त्याचा फोटो काढा. बाजूला पेन किंवा नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. मग जरा मागे सरकून पूर्ण नाल्याचा किंवा विहिरीच्या भिंतीचा फोटो घ्या. गाव, तालुका, शिवार, धुऱ्याची किंवा नाल्याची खूण आणि मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश लिहा. विहिरीतला असेल तर किती हातांवर निघाला ते त्याच दिवशी खणणाऱ्याला विचारा. महिन्याभराने त्यालाही आठवत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो थरातच रुतलेला होता की सुटा पडला होता. सुटा दगड पुराने, बैलगाडीने, रस्त्याच्या गिट्टीबरोबर कुठूनही आलेला असू शकतो.

चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते. दगडावर कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका देऊन त्यावर क्रमांक घाला आणि तोच क्रमांक वहीत. तेल, वॉर्निश, शेंदूर काही लावू नका. ब्रशने माती झाडा, हाड किंवा पान असेल तर पाणीही नको. घरी हातोडीने फोडून ‘आत काय आहे’ पाहण्याची घाई करू नका.

दगड उचलणं कायदेशीर आहे का?

वनजमिनीवरून नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे जंगलातले दगड आणि खनिजंसुद्धा वनोपज आहेत. व्याघ्र प्रकल्प, अभयारण्य आणि लोणारसारख्या संरक्षित जागी तर फोटो आणि नोंद यापलीकडे जायचंच नाही. शेत खासगी असेल तर मालकाची परवानगी घ्या. शिळावर्तुळं आणि जुने मणी, भांडी, नाणी यांना हात लावू नका, तो पुरातत्त्वाचा विषय आहे.

विकू मात्र अजिबात नका. विकलेल्या दगडाबरोबर जागेची माहिती जात नाही. व्यापाऱ्याला ती लपवायचीच असते.

मग कळवायचं कोणाला?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य क्षेत्राचं कार्यालय नागपूरला सेमिनरी हिल्सवर आहे. नागपूर विद्यापीठात भूविज्ञान विभाग आहे. आधी फोटो आणि नोंद पाठवा, नमुना नंतर.

फिरायला पावसाळा चांगला की उन्हाळा?

पावसाने थर धुऊन निघतात, म्हणून पावसाळा संपल्या संपल्या, साधारण कार्तिकानंतर. भर पावसात नाल्यात उतरू नका. ४ सप्टेंबर १८६३ला हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेले होते. परतीच्या वाटेवर बोरीजवळच्या नाल्याला पूर होता आणि त्यात ते बुडाले. वय पंचेचाळीस. आपले नाले आजही तसेच आहेत, वर आभाळ फाटलं की खाली तासाभरात लोंढा येतो. बंद पडलेल्या खदानीच्या कड्याखाली बसू नका, आणि दगड उलटताना तो नेहमी पलीकडची कड वर होईल असा आपल्याकडे उलटा, म्हणजे खाली विंचू किंवा साप असेल तर त्याला पलीकडे निघायला वाट मिळते.

शाळेत संग्रह करायचा आहे. सुरुवात कशाने करावी?

दुर्मीळ वस्तूंच्या मागे लागू नका. आपल्याच गावच्या शिवारातले पाच-सात दगड घ्या. काळा दगड, मुरूम, चुनखडी, गारगोटी, विहिरीतला मधला पट्टा, नदीतला गोटा. पूर्वेकडे असाल तर वालुकाश्म, कोळसा, जांभा. प्रत्येकाला क्रमांक, जागा, तारीख आणि आणणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं नाव. खोकं खोल नको, पसरट हवं, म्हणजे दगडावर दगड घासत नाही. वही मात्र खोक्यापासून वेगळी, कपाटात ठेवा, आणि तिच्या पानांचे फोटो दोन शिक्षकांच्या मोबाइलमध्ये असू द्या. शिक्षकांची बदली होते, वही शाळेतच राहायला हवी.